मशीन सगळ्यात शेवटी घे गं

अगं, "ताई, कुठलं मशीन घेऊ?" एवढंच विचारलंस आणि पाठोपाठ मशीनच्या फोटोंचा ढीग पाठवलास. ते फोटो सध्या बाजूला ठेव. खरं सांगू का, उथळ पाण्यात मेटल डिटेक्टर घेऊन उतरायचं असेल तर मशीन ही शेवटची खरेदी. आधी पायांसाठी पैसे काढ, मग जिवासाठी, मग चाळणीसाठी, आणि उरतील त्यात मशीन बघ. दुकानदार तुला याच्या बरोब्बर उलटं सांगेल, कारण त्याला मशीन विकायचंय. मला तू धडधाकट परत यायला हवी आहेस.

काम मात्र तू छान निवडलंस हं. हरतालिकेची गौर शिरवायला बायका नदीवर जातात, गणपती असतात, आणि यवतमाळचा दुर्गोत्सव केवढा मोठा असतो ते तुला काय सांगायचं! थंड पाण्यात बोटं आकसतात आणि वर्षानुवर्षं न निघालेली अंगठी सहज निसटते. जोडवी जातात, मंगळसूत्राचा फासा उघडतो. वस्तू हजारांची असो की लाखाची, ती बाई घरी जाऊन रडते आणि वर घरच्यांचं ऐकून घेते ते वेगळंच. तिची वस्तू शोधून देणारं कुणी आपल्याकडं नाही. ते तू होणार असशील, तर मी तुझ्या पाठीशी आहे.

आणि ही विद्या काही परदेशातून आलेली नाही बरं का. नदीच्या रेतीतून सोनं धुऊन काढणारे सोनझरी लोक आपल्या पूर्वेकडच्या नद्यांवर पिढ्यान् पिढ्या हे करत आले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात त्यांची स्वतंत्र नोंद आहे. त्यांच्याजवळ लाकडाची पसरट पाटी, वाहतं पाणी आणि सोन्याचं वजन ओळखणारे हात, एवढंच असायचं. शुद्ध सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, साधी रेती अडीचपटीच्या थोडी वर. म्हणून पाटी हलवली की रेती वाहून जाते आणि सोनं तळाशी राहतं.

हेच तुझ्या कामाचं मूळ आहे, नीट लक्षात घे. अंगठी पडली की संथ पाण्यात ती फार लांब जात नाही, सरळ खाली जाते. पायांनी रेती ढवळली जाते तशी ती आणखी खाली सरकते आणि कडक थर लागला की तिथं थांबते. त्यामुळं शोध लवकर सुरू करायचा, आणि ती बाई नेमकी कुठं उभी होती हे तिच्याकडून शांतपणे काढून घ्यायचं. पाणी गुडघ्याला होतं की मांडीला? तोंड कुठल्या काठाकडं होतं? हात कधी झटकला? बायकांना हे सगळं आठवतं गं, फक्त चार माणसं एकदम ओरडत नसली पाहिजेत.

आता खरेदी. पहिली वस्तू बूट. आणि गमबूट नाही हं, अजिबात नाही! उंच गमबुटात एकदा पाणी शिरलं की पाय उचलत नाही आणि तोल गेला तर उठता येत नाही. पायाला घट्ट बसणारे, जाड रबरी तळव्याचे, पाणी निथळून जाणारे बूट घे. पोहणाऱ्यांचे निओप्रीनचे मिळाले तर उत्तमच, नाहीतर जाड तळव्याचे कॅनव्हासचे जुने बूट आणि आत मोजे. बुटाच्या टोकात लोखंडी टोपी नको, नाहीतर मशीन तुझ्या पायालाच ओरडत बसेल. विसर्जनाच्या जागी तळाशी काय काय असतं माहितीये? मूर्तीच्या सांगाड्याच्या सळ्या, तारा, खिळे, बाटल्यांच्या काचा, गळाचे आकडे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतंस ते आधी आठव. दहा वर्षं उलटून गेली असतील तर घेऊन टाक. हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तसले, तळहाताला रबर लावलेले. ते घातल्याशिवाय गाळात बोट घालायचं नाही.

दुसरी वस्तू बांबूची काठी, आपल्या खांद्याएवढी. हसू नकोस. आपल्या नद्यांत रेती उपसून उपसून खड्डे झालेत. वरून पाणी घोट्याएवढं दिसतं आणि पुढच्या पावलाला पुरुषभर खोली. दर उन्हाळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या कितीतरी अशाच डोहांच्या असतात. म्हणून आधी काठी टेकायची, मग पाऊल टाकायचं. मांडीच्या वर पाणी आलं की मागं फिरायचं, तिथं सोन्याची वीट दिसली तरी! पोहता येत असलं तरी अंगात लाइफ जॅकेट हवं, बक्कल लावलेलं, खांद्यावर लटकवलेलं नव्हे. आणि काठावर एक माणूस. नवरा, भाऊ, मैत्रीण, कुणीही चालेल, पण त्याचं लक्ष मोबाइलमध्ये नको, तुझ्यावर हवं. त्याच्याजवळ लांब दोर ठेवायचा आणि ११२ नंबर त्याला पाठ हवा.

पावसाळ्यात तर नावच काढू नकोस. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगरात लोक पुरात अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली, आठवतं ना? पाऊस संपला तरी धरणं असतात. पैनगंगेवर इसापूर आहे, बेंबळेवर खडक सावंग्याचं धरण आहे. वरून पाणी सोडलं की खालची कोरडी रेती बघता बघता भरते. जायच्या आधी गावात विचारायचं, पाणी सोडायची दवंडी झाली का, भोंगा वाजला का. गणपती-दुर्गेच्या दिवसांत कुणाची वस्तू पडली तर जागेची खूण करून ठेव, काठावरच्या झाडापासूनचं अंतर दोरीनं मोज, आणि पाणी उतरल्यावर जा. हिवाळा आणि उन्हाळ्याची सकाळ, हा तुझा हंगाम. एप्रिल-मे मध्ये दहाच्या आत घरी. आपल्याकडचं ऊन पाण्यात उभ्या बाईलाही सोडत नाही.

कपडे सांगते. ओढणी नको, घेरदार काही नको, साडी तर नकोच. अंगाबरोबर बसणारी ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट. कोरडे कपडे, टॉवेल आणि आडोशाला मोठी चादर पिशवीत ठेव, कारण नदीवर कपडे बदलायला खोली नसते. ओल्या कपड्यांत तासन् तास बसलीस तर खाज आणि जंतुसंसर्ग ठरलेला. पाळीचे दिवस असतील आणि जावंसं वाटत नसेल तर सरळ नाही म्हण. जावंसं वाटलं तर जा, नदीला त्याचं काही नाही. पायाला उघडी जखम असेल तर मात्र उतरायचं नाही. जिथं गुरं बसतात त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पाण्यात जाऊन आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, तर डॉक्टरांना "मी नदीत उतरले होते" हे आपणहून सांगायचं.

आता माझी आवडती वस्तू, उपसणी. बाहेर तिला स्कूप म्हणतात: लांब दांड्याचं, भोकं पाडलेलं स्टीलचं भांडं, ज्यानं वाकल्याशिवाय तळाची रेती उचलता येते. ती परदेशातून मागवू नकोस, आपल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घे. स्टेनलेस स्टीलचा जाड पत्रा, पुढची कड धारदार, तळाला आणि मागच्या बाजूला भोकं. भोकं करंगळीच्या टोकाहून मोठी नकोत. अंगठी त्यातून जात नाही, पण चमकी, मोरणी, कानातल्याची मळसूत्राची फिरकी सहज जाईल. म्हणून उपसणीनं काढलेली रेती लगेच पाण्यात फेकायची नाही, बारीक चाळणीत ओतायची. गवंडी रेती चाळायला वापरतात ती जाळी घे, लाकडी चौकटीत बसव आणि स्कूटरच्या जुन्या ट्यूबवर बांध. ती तुझ्याजवळ पाण्यावर तरंगत राहील आणि दोन्ही हात मोकळे राहतील. ट्यूबला दोरी लावून दुसरं टोक कमरेला बांध, पण गाठ एका झटक्यात सुटणारी हवी.

काढायची रीतही आत्ताच शिकून घे. मशीन वाजलं की कॉइल, म्हणजे मशीनची खालची गोल चकती, मागंपुढं, डावीउजवीकडं फिरवून आवाजाचा मध्य काढायचा. तिथं बुटाचं टोक टेकवायचं आणि पाय हलवायचा नाही. कॉइल बाजूला घ्यायची, टोकापुढं उपसणी रोवायची, वीतभर खोल जायचं. रेती चाळणीत आली की त्याच खड्ड्यावर परत मशीन फिरवायचं. आवाज गेला असेल तर वस्तू चाळणीत आहे. अजून येत असेल तर चाळणीत शोधत बसू नकोस, परत उपस. एवढं पाळलंस तर निम्मा वेळ वाचेल. आणि खड्डा बुजवायचा बरं, तिथं उद्या कुणाचं तरी लेकरू आंघोळीला येईल.

हं, आता ये तुझ्या मशीनवर.

पहिली फसगत अशी असते: खोक्यावर "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असतं, पण ती फक्त खालची गोल कॉइल. वरचा डबा, जिथं पडदा आणि बॅटरी असते, तो पाण्यात पडला की संपला. आपण उथळ पाण्यात असलो तरी कधीतरी पाय घसरतोच. म्हणून पूर्ण मशीन बुडवता येतं का ते विचार. गॅरेटचं एटी प्रो किंवा नोक्ताचं सिम्प्लेक्स यांसारखी मशीनं डब्यासकट तीन मीटर पाण्यात चालतात. "दहा फुटांवरून सोन्याची दिशा दाखवतो" असं सांगून अँटेनावाले डबे विकतात, त्यांच्या नादी लागू नकोस. सोन्याची दिशा लांबून सांगणारं यंत्र जगात नाही, ती निव्वळ लुबाडणूक आहे. चांगल्या मशीनलाही अंगठी वीतभर खोलीवर सापडली तर समाधान मानायचं.

पल्स इंडक्शन नावाचं एक महागडं प्रकरण आहे, ते समुद्रासाठी. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते म्हणून साधी मशीनं तिथं गोंधळतात. आपलं पाणी गोडं, आपल्याला व्हीएलएफ नावाचं साधं मशीन पुरतं. आपली अडचण वेगळीच आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा, आणि त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. रेतीत काळी चमकदार रेघ दिसते ना, तिच्यात चुंबक फिरवून बघ, त्याला भराभरा मिशा फुटतील. ही काळी रेती मशीनला सतत खोटंनाटं बोलायला लावते. म्हणून ग्राउंड बॅलन्सची सोय असलेलंच मशीन घे. रेतीवर कॉइल वरखाली करून जमिनीचा आवाज आधी शांत करायचा, सेन्सिटिव्हिटी थोडी कमी ठेवायची आणि मग पुढं जायचं. वणीकडं चुनखडक आणि वाळूखडक लागतो, तिथं हाच त्रास बराच कमी. म्हणजे पुसदला बसवलेलं मशीन वणीला नेलंस की परत बसवायचं.

ब्लूटूथचे हेडफोन पाण्याबाहेर ठीक. कॉइल पाण्यात असली तरी हरकत नाही, पण डबा बुडाला की जोडणी तुटते, कारण त्या लहरी पाण्यातून जात नाहीत. तारेचे घेतलेस तर निश्चिंत. बोटात धरून नेमकी जागा दाखवणारा पिनपॉइंटर पहिल्या महिन्यात नाही घेतलास तरी चालेल. गढूळ पाण्यात त्याचा उपयोग होतो, पण चाळणी नीट असली की त्याच्यावाचून अडत नाही. गळ्यात मात्र जाळीची पिशवी हवी, चेनची, कारण सापडलेली वस्तू परत पाण्यात पडली तर कुणाला सांगणार?

आता घरी बसून करायचा अभ्यास, आणि तो टाळायचा नाही हं. एक प्लॅस्टिकचा टब घे, लोखंडी घमेलं नको. त्यात रेती भर आणि एक एक वस्तू पुरून आवाज ऐक. चांदीचं जोडवं स्वच्छ, उंच वाजेल. सोन्याची बारीक अंगठी खालच्या सुरात, आणि गंमत बघ, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचं ॲल्युमिनियम जवळजवळ तसंच वाजेल. म्हणून पाण्यात कचऱ्यासारखा आवाज आला तरी काढून बघायचा. ज्यांना कचरा काढायचा कंटाळा, त्यांना सोनं सापडत नाही. मग एक रुपयाचं नाणं पुर. आजची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात, त्यामुळं मशीन त्यांना लोखंड समजतं. पुलाखाली पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात ती याच जोरावर.

सगळ्यात अवघड मंगळसूत्र. त्याची साखळी बारीक, प्रत्येक कडी सुटी, म्हणून मशीनला ती सलग धातू वाटतच नाही. काळे मणी तर काचेचे. वाजल्या तर वाट्या वाजतात, तेही हलकेच. नथीचं तसंच: तारेचं कडं जोडलेलं नसतं, उघडं असतं, म्हणून आवाज दबका येतो. आईचं जुनं काही मिळालं तर मागून घे आणि टबात पुरून तो दबका आवाज कानात बसव. मंगळसूत्र शोधताना कॉइल तळाला जवळजवळ टेकवून, अगदी सावकाश फिरवायची, आणि आधीच्या पट्ट्यावर निम्मी चढवायची. दोन काठ्या रोवून दोरी ताण, तिच्या कडेनं चाल, मग दोरी सरकव.

आणि उतरण्याआधी तुझी स्वतःची जोडवी, पैंजण, बांगड्या, सेफ्टी पिना घरी काढून ठेव. पायातलं जोडवं कॉइलच्या अगदी जवळ असतं. ते दर पावलाला वाजेल आणि तू दर पावलाला खड्डा खणशील. सासूबाई काही म्हणाल्या तर सांग, कामापुरती काढलीत.

आता थोडं रागावून सांगते, ऐक. बाईमाणूस यंत्र घेऊन नदीत उतरली की गावात पहिला शब्द निघतो "गुप्तधन". त्या शब्दापायी आपल्या भागात फार वाईट गोष्टी झाल्यात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं स्पष्ट लिहून गुन्हा ठरवली आहेत. तुझा त्याच्याशी संबंध नाही, पण लोकांना ते कळायला हवं. म्हणून आधी पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीत सांगून ठेव, जिची वस्तू हरवली त्या बाईला सोबत घेऊन जा, आणि कुणी मांत्रिक "जागा दाखवतो" म्हणत आला तर तिथून निघून ये. वाद घालत बसू नकोस.

जुनं काही हाती लागलं तर मात्र हात थांबव. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर खणायचंच नाही. बाभूळगाव तालुक्यात पाचखेडला नागपूर विद्यापीठाच्या लोकांनी २०२३-२४ मध्ये उत्खनन केलं, तिथली वस्ती लोहयुगापर्यंत मागं जाते. म्हणजे आपल्या पायाखाली खरंच जुनं आहे गं. एखादं नाणं उचकटून घरी आणलंस तर ते कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं हे कायमचं पुसलं जातं. फोटो काढ, जागा लिही, कळव.

आणि कुणाची तरी आजची अंगठी सापडली, पण कुणाची ते माहीत नाही, तर ती तुझी होत नाही. हरवलेली वस्तू मालक न शोधता ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो. पोलीस ठाण्यात जमा कर, पोच घे. रोज एका वहीत तारीख, जागा आणि काय सापडलं ते लिहीत जा. उद्या कुणी बोट दाखवलं तर ती वहीच तुझ्या बाजूनं उभी राहील.

पैशांचं बोलताना तू लाजशील, मला माहितीये. लाजू नकोस. पाण्यात उतरण्याआधीच ठरव: पेट्रोल आणि सोबतच्या माणसाचा खर्च किती, आणि सापडलं नाही तरी तो द्यायचा. सापडल्यावर खुशीनं कुणी दिलं तर घे, पण सोन्याच्या वजनावर टक्का मागू नकोस, त्यातून संशय वाढतो. दोरी लावून सगळी जागा दोनदा झाली आणि काही नाही मिळालं, तर त्या बाईला तोंडावर सांग की इथं नाही. "उद्या परत बघू" म्हणून तिला आशेवर ठेवू नकोस. तिला विचार की घरून निघताना वस्तू अंगावर होती हे कुणी पाहिलं होतं का, पूजेच्या ताटात बघितलं का, घाटावरच्या कपड्यांच्या पिशव्या उलट्या केल्या का. पिशवीच्या शिवणीत जोडवं सापडणं काही नवल नाही.

तर आता बूट, काठी, जॅकेट आणि उपसणीची तयारी कर. वेल्डिंगवाल्याकडं जाण्याआधी भोकांचं माप मला कळव, तो घाईत मोठीच पाडतो.